चिकटं अक्षर आणि एवेलिओकाकांची सही

शाळेनं मत विचारलं होतं, म्हणून एवेलिओकाकांनी ते दिलं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जो काही घोळ झाला त्यानंतर आमच्या अख्ख्या इमारतीत एकच वाक्य फिरत होतं, "पण काकांना हे सांगितलं होतं कुणी?" सांगितलं होतं हो! चांगलं शिक्का मारलेलं पत्रक आलं होतं. नातीच्या, म्हणजे सालोमेच्या दप्तरातून, डब्याखाली चुरगळलेलं, एका कोपऱ्याला पेरूच्या वडीचा डाग पडलेलं, पण आलं होतं. दुसरीच्या वर्गाला कर्सिव्ह शिकवणं पुढच्या वर्षीपासून चालू ठेवावं की बंद करावं, याबद्दल पालकांनी आपलं मत पंधरा दिवसांत लेखी कळवावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

कर्सिव्हला आमच्या मानिसालेस गावात सगळे चिकटं अक्षर म्हणतात. एक अक्षर दुसऱ्याला चिकटलेलं, दुसरं तिसऱ्याला, आणि मध्येच पेन उचललं की बाई ओरडतात. त्याच्या उलट ते सुटं अक्षर, पुस्तकात छापलेलं असतं तसं. सालोमे सात वर्षांची. सुटं तिला झकास येतं. चिकट्यात मात्र तिचा एफ दर वेळी ओळीवरून घसरून खालच्या ओळीत जाऊन पडतो, आणि मग ती पेन फेकते.

पत्रकातला 'लेखी' हा शब्द वाचला आणि काकांचे डोळे चमकले. चौतीस वर्षं त्यांनी नोटरीच्या कचेरीत काढली होती आणि काम एकच, सह्या ताडून बघणं. गावात कुणी घर विको, गाडी घेवो, मुलाला परगावी पाठवायचं संमतीपत्र देवो, त्याची सही काकांच्या भिंगाखालून गेल्याशिवाय पुढे सरकायची नाही. भावाच्या नावानं सही ठोकणारे तीन भाऊ आणि मेलेल्या नवऱ्याच्या नावानं सही करणाऱ्या दोन बायका त्यांनी पकडून दिल्या होत्या, आणि त्या पाचही कथा ते जेवताना अजून सांगायचे. त्यांची स्वतःची सही म्हणजे तर सोहळाच. आधी एक मोठा गोल, मग सात वेटोळी, मग मागे वळून सगळ्या नावाखालून ओढलेली रेघ आणि शेवटी दोन टिंबं. ती टिंबं कशाची, हे काकांनाही माहीत नव्हतं. ही झाली मोठी सही. गॅसवाल्याच्या पावतीसाठी आणि पार्सलसाठी वेगळी, छोटी, एका फटकाऱ्याची. कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसांच्या आमच्याकडे अशा दोन सह्या असतात, एक ठेवणीतली आणि एक घरात वापरायची, त्यात विशेष काही नाही.

पण खरं दुखणं सह्यांचं नव्हतं. अडीचला शाळा सुटायची आणि तीनच्या ठोक्याला सालोमे आजोबांकडे यायची, कारण तिची आई पाओला सहापर्यंत कॉल सेंटरमध्ये लोकांच्या शिव्या ऐकत असायची. तीन ते चार चिकट्या अक्षराचा गृहपाठ. एकच वाक्य, वीस वेळा, सबंध पान भरून. हा विषय घरात एकट्या काकांना जमायचा. गणित आजी बघायची, इंग्रजी टॅबलेट बघायचा, आणि एकदा चार वाजले की पोरगी त्या टॅबलेटची होऊन जायची ती थेट आई येईपर्यंत. म्हणजे दिवसातला एक तास तेवढी ती आजोबांची होती. तोच तास शाळा बंद करायला निघाली होती. हे काका कुणाजवळ बोलले नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "प्रश्न संस्कृतीचा आहे."

"अहो, 'चालू ठेवा' एवढे दोन शब्द लिहा आणि द्या पाठवून," नूबियाकाकू म्हणाल्या. काकू म्हणजे काकांच्या पत्नी. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती, त्यामुळे त्या फार न बोलता मुद्द्यावर येत.

"नूबिया, 'चालू ठेवा' हे मिक्सरबद्दल बोलतात. हे निवेदन आहे, निवेदन!"

तीन दिवस ठेवणीतलं शाईचं पेन काढून, जेवणाच्या टेबलावरून सगळ्यांना हाकलून काकांनी चार पानी निवेदन लिहिलं. अर्थातच चिकट्या अक्षरात. त्यात मेंदू होता, संयम होता, मनगटाचं आरोग्य होतं, आणि तिसऱ्या पानावर असा सवाल होता की ज्या मुलाला चिकटं अक्षर येत नाही तो मोठेपणी सही काय करणार, अंगठा उठवणार? हे वाक्य त्यांनी काकूंना चार वेळा वाचून दाखवलं. त्या दिवसांत काकूंनी आणि सालोमेनं उभ्यानं जेवण केलं.

शाळेच्या कचेरीत यानेत नावाची मुलगी बसते. वय असेल तेवीस-चोवीस. तिनं चारही पानं उलटसुलट करून बघितली.

"काका, फारच सुंदर आहे हो."

"धन्यवाद."

"काय लिहिलंय पण?"

काकांना वाटलं, चेष्टा करतेय. ती चेष्टा करत नव्हती. तिला पहिल्या ओळीतलं 'माननीय' सोडून काहीही लागेना. वर तिनं असंही सांगितलं की निवेदन टाइप केलेलं लागतं आणि खाली किमान चाळीस मोठ्या माणसांच्या सह्या लागतात, ओळखपत्राच्या क्रमांकासकट. तसं नसेल तर ते निवेदन नव्हे, नुसतं पत्र. पत्रं दुसऱ्या फायलीत जातात.

"आणि ती फाईल कोण बघतं?"

"ती भरली की आम्ही नवीन करतो," यानेत म्हणाली.

टाइप करायचं तर ओक्तावियोकडे जाणं आलं. ओक्तावियो हिराल्दो म्हणजे आमच्या इमारतीतले दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर, आणि प्रिंटर असलेला एकमेव माणूस. ही दुसरी गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. वीस वर्षं काका आणि ते रोज संध्याकाळी डॉमिनो खेळत आले आहेत आणि वीस वर्षं एकाही गोष्टीवर त्यांचं एकमत झालेलं नाही.

"बंदच करायला पाहिजे," चष्मा लावता लावता ओक्तावियो म्हणाले. "मी चाळीस वर्षं नकाशांवर सुटी अक्षरं लिहिली. एक पूल पडला नाही माझा."

"एक पडला."

"तो पुरानं पडला, एवेलिओ! अक्षरानं नाही."

पण टाइप मात्र करून दिलं. शेजाऱ्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धतच नाही. काकांनी हट्टानं संगणकातला चिकट्या अक्षरासारखा दिसणारा टाइप निवडायला लावला. यानेतनं तो कागद दुसऱ्या दिवशी परत केला. आता 'माननीय'सुद्धा वाचता येत नाही, म्हणाली. तेव्हा निवेदन तिसऱ्यांदा निघालं ते साध्या, सरळ, ठोकळ्याठोकळ्यांच्या सुट्या अक्षरात. चिकटं अक्षर वाचवा म्हणून केलेला अर्ज सुट्या अक्षरात! काका ते कागद हातात घेऊन जिना चढले तेव्हा त्यांनी कुणाच्याही नजरेला नजर दिली नाही. सगळ्यात वर आपली मोठी सही, सातही वेटोळ्यांसकट, केली तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला जरा बरं वाटलं.

राहिल्या शेचाळीस सह्या. नियमानं चाळीस पुरल्या असत्या, पण काकांनी सबंध इमारत घ्यायची ठरवली. पाच मजले, लिफ्ट नाही. आणि आमच्याकडे कुणाच्या दारात काम घेऊन गेलात तर आधी कॉफी घ्यावी लागते, छोट्या कपात, काळी, भरपूर साखरेची. पहिल्या दारात घेतली आणि तिसऱ्यात नको म्हटलं, तर तिसऱ्या दारातली पुढचे सहा महिने बोलत नाही. तेव्हा काकांनी सगळीकडे घेतली. अकरा कॉफ्या झाल्यावर त्यांना स्वतःच्या छातीतले ठोके जिन्यात ऐकू यायला लागले.

सह्या मिळत होत्या, त्याची काळजीच नव्हती. काळजी होती ती मतांची. दर दारात एक मत होतं, आणि ते काकांनी ऐकून घ्यायचं होतं. तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझा हात कशानं वळला? चिकट्या अक्षरानंच! त्याशिवाय दाढ भरता येत नाही." काका खूश झाले. समोरचा टॅक्सीवाला म्हणाला, "माझ्या पोराचं अक्षर मोत्यासारखं आहे, काका. घरी बसून आहे चार वर्षं. आणा, सही करतो." काका जरा कमी खूश झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या विधवा सिएलोबाईंनी तर डोळे पुसत सांगितलं की त्यांच्या दिवंगत नवऱ्याची प्रेमपत्रं इतक्या देखण्या चिकट्या अक्षरात असायची की, "नुसती बघतच बसायची हो मी. काय लिहिलंय ते लग्नानंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर केलं नसतं."

"म्हणजे तुम्ही चालू ठेवण्याच्या बाजूनं आहात की..."

"सही कुठे करू तेवढं सांगा, काका. कॉफी निवतेय."

चौथ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "लिफ्टचं आहे का?" काका म्हणाले, "आपल्याकडे लिफ्ट नाही." "तेच ना! मग हवीच," म्हणून आजींनी सही केली आणि मुलाची, सुनेची पण घेऊन दिली. शेवटी दुसऱ्या मजल्यावर उतरून ओक्तावियोंचं दार वाजवलं. ओक्तावियोंनी आधी पंधरा मिनिटं वाद घातला, मग कॉफी दिली, मग सही दिली.

"अरे, पण तुझा विरोध आहे ना?"

"विरोध आहेच. सहीला नाही कसं म्हणू? उद्या डॉमिनोला यायचंय तुला."

संध्याकाळी काका घरी आले ते डोकं धरून. निघाले तेव्हा चिकटं अक्षर ही त्यांच्या दृष्टीनं अगदी सरळ गोष्ट होती. आता त्यात दाढा, बेकारी, वैधव्य आणि लिफ्ट एवढं सगळं येऊन मिसळलं होतं आणि कुठलं बाजूनं आणि कुठलं विरोधात, हे त्यांना लागेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता सालोमे आली. गुळाचं गरम पाणी प्यायली, त्यात आमच्याकडच्या रीतीनं चीज बुडवून खाल्लं आणि वही उघडली. सातव्या ओळीत एफ घसरला. नवव्या ओळीत पुन्हा घसरला. अकराव्या ओळीवर एक मोठा थेंब पडला, तो शाईचा नव्हता.

"आजोबा, बाई म्हणाल्या, हे चिकटं बंद करायचं का म्हणून विचारतायत सगळ्यांना."

"हो. म्हणजे, तसं काहीतरी ऐकलंय खरं."

"मग मला का नाही विचारलं? लिहिते तर मी."

या प्रश्नाला चार पानी निवेदनात कुठेही उत्तर नव्हतं. सालोमेनं वहीचं पान फाडलं, त्यावर सुट्या अक्षरात लिहिलं, 'आम्हाला चिकटं अक्षर नको', खाली स्वतःचं नाव घातलं आणि दार उघडून निघून गेली. सह्या कशा गोळा करतात ते तिनं आदल्या दिवशी जिन्यात बसून नीट बघून ठेवलं होतं.

दीड तासानं आली. खिसे चॉकलेटांनी फुगलेले. तिनं कागद टेबलावर ठेवला. त्यावर शेचाळीस सह्या होत्या, ओळखपत्राच्या क्रमांकासकट. डॉक्टरीणबाई, टॅक्सीवाला, सिएलोबाई, लिफ्टवाल्या आजी आणि त्यांची सून, सगळे. ओक्तावियोंची सही तर दोनदा गिरवून ठळक केलेली होती.

"तुमची जागा शेवटी ठेवलीये," सालोमे म्हणाली. "सगळ्यांत छान सही तुमची आहे म्हणून."

"सालो, तुला खरंच नकोय का गं हे?"

"नकोय."

"मग तीन वाजता काय करशील?"

"टॅबलेट," सालोमे म्हणाली. ती काही मुद्दाम लागेल असं बोलली नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं.

आता काकांनी काय करावं? नाही म्हणावं? सिएलोबाईंना जमलं नाही, ओक्तावियोंना जमलं नाही, आणि समोर तर नात होती, गालावर वाळलेल्या पाण्याची रेघ घेऊन. काकांनी पेन उचललं आणि छोटी सही केली. गॅसवाल्याची. मनाशी म्हणाले, छोटी सही खरेदीखतावर चालत नाही, म्हणजे तशी ती धरतच नाहीत. चौतीस वर्षांत हे असलं कारण कुणी त्यांना दिलं असतं तर त्यांनी त्याला खुर्चीवरून उठवलं असतं.

"हे आपल्या दोघांत बरं का," ते हळूच म्हणाले. "कुणाला सांगायचं नाही. आजीलासुद्धा."

"नाही सांगणार," सालोमे म्हणाली, आणि त्यांना एक चॉकलेट दिलं.

शनिवारी सकाळी शाळेच्या सभागृहात बैठक झाली. सबंध इमारत आली होती, कारण बैठकीनंतर मक्याची भाकरी आणि गरम चॉकलेट मिळणार होतं. काका कोट घालून पहिल्या रांगेत. एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला सालोमे, पाय जमिनीला न टेकणारे. मुख्याध्यापिका मार्लेनीबाई उभ्या राहिल्या. एका हातात एक कागद, दुसऱ्या हातात दुसरा.

"सत्तेचाळीस लोकांचं म्हणणं आहे की कर्सिव्ह चालू ठेवा," बाई म्हणाल्या. "सत्तेचाळीस लोकांचं म्हणणं आहे की बंद करा. मी काल रात्रभर विचार करतेय. कारण हे तेच सत्तेचाळीस लोक आहेत."

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"काका दारात आले, बाई! नाही कसं म्हणायचं?"

"आणि मग ही एवढीशी पोर आली. हिला नाही म्हणू?"

"माझं लिफ्टचं होतं," मागून आजी म्हणाल्या.

"फाबियोलाबाई, तुम्ही शिकवता. तुमचं काय मत?" मार्लेनीबाईंनी सालोमेच्या वर्गशिक्षिकेला विचारलं. फाबियोलाबाई उठल्या. अडतीस वह्या रोज तपासून त्यांच्या मनगटाला पट्टा लागला होता. त्या म्हणाल्या की चिकट्या अक्षरानं मुलं शांत होतात, हे खरं आहे. मुलं रडतात, हेही खरं आहे. आणि फळ्यावर आपण स्वतः गेली तीन वर्षं सुट्या अक्षरात लिहितो, कारण मागच्या बाकांना दिसत नाही. एवढं सांगून त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, आपण कुठल्या बाजूनं बोललो हे कुणी सांगेल का असं, आणि बसल्या. काकांच्या डोक्यात होतं नव्हतं ते सगळं ढवळून निघालं.

"बरं, ते राहू द्या," मार्लेनीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. "शेचाळीस सह्या दोन्ही कागदांवर एकसारख्या आहेत. एक मात्र नाही. एवेलिओकाकांची." त्यांनी दोन्ही कागद वर धरले. "काकांनी स्वतः निवेदन दिलंय. त्यांच्यासारखा माणूस दुसऱ्या कागदावर सही करणं शक्यच नाही. आणि ही दुसरी सही पहिलीच्या जवळपासही जात नाही. म्हणजे ही कुणीतरी केलीय. कागद आणला कुणी?"

सगळ्या माना सालोमेकडे वळल्या.

"आजोबांची खोटी सही करणं ही लहान गोष्ट नाही, बाळ," मार्लेनीबाई म्हणाल्या. "मला हे तुझ्या नोंदवहीत लिहावं लागेल."

नोंदवही! आमच्याकडे शाळेची ती नोंदवही पहिलीपासून अकरावीपर्यंत मुलाच्या मागे मागे फिरते. त्यात एकदा 'खोटी सही' असं पडलं की दर वर्षी नवीन बाई येणार, पहिल्या दिवशी ती उघडणार, आणि पोरीकडे त्याच नजरेनं बघणार.

"मी नाही केली," सालोमे म्हणाली.

"मग कुणी केली?"

सालोमेनं आजोबांकडे बघितलं. मग ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत पाणी जमलं, पण तोंड उघडेना. तिनं शब्द दिला होता.

नोटरीच्या कचेरीत काका समोरच्या माणसाला एकच प्रश्न विचारायचे, 'ही सही आपली आहे का? हो किंवा नाही.' लोक घाम पुसायचे, पाणी मागायचे, घराण्याची हकीकत सांगायचे. काका म्हणायचे, 'हो किंवा नाही.' आता प्रश्न त्यांच्याकडे आला होता. हो म्हटलं तर निवेदन गेलं, तास गेला, आणि इतक्या लोकांत इज्जत गेली. गप्प बसलं तर? गप्प बसलं तर काहीच जात नव्हतं. फक्त सालोमे जात होती.

काकूंनी कोपर मारलं. त्यांना ती छोटी सही लांबूनच ओळखू आली होती. एक्केचाळीस वर्षं गॅसच्या पावत्या त्याच सांभाळत होत्या.

"उठा," काकू म्हणाल्या.

काका उठले.

"माझी आहे," ते म्हणाले. "दोन्ही माझ्याच आहेत. तिनं काही केलेलं नाही. मीच तिला गप्प राहायला सांगितलं होतं."

"दोन्ही?" मार्लेनीबाईंनी कागद खाली घेतले. "काका, मग तुम्हाला कर्सिव्ह हवंय की नकोय?"

"मला काही कळत नाहीये, बाई!" काकांचा आवाज चिरकला. "दारोदार फिरून मी लोकांना विचारलं. दाढा म्हणतात हवं, टॅक्सी म्हणते नको. मेंदूबिंदू मी कुठूनतरी वाचून लिहिलं. मला चिकट्या अक्षराशी घेणं नाही. मला ही पोर तीन ते चार पाहिजे. चिकटं गेलं की ती जाईल, म्हणून मी हे सगळं केलं. आणि तिला रडताना बघवलं नाही, म्हणून तेही केलं. लिहा, माझ्या नोंदवहीत लिहा काय लिहायचं ते."

सिएलोबाईंनी रुमाल काढला. ओक्तावियो उगाचच खोकले आणि पुढे येऊन काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. सालोमेनं खिशातून चॉकलेट काढून खायला सुरुवात केली, म्हणजे तिच्यापुरता विषय मिटला होता.

शाळेच्या समितीनं पाऊण तास दार लावून चर्चा केली आणि असल्या वेळी समित्या करतात तेच केलं. कर्सिव्ह चालूही नाही आणि बंदही नाही. ज्याला हवं त्यानं शिकावं. ज्याला नको त्यानं दर आठवड्याला पालकाची चिठ्ठी आणावी. आणि या इमारतीतल्या लोकांच्या सह्यांचा आता काही भरवसा राहिला नसल्यामुळे प्रत्येक पालकानं सहीचा एक नमुना कचेरीत द्यावा, प्रत्येक चिठ्ठी त्या नमुन्याशी ताडून बघितली जाईल. शाळेच्या कागदोपत्री सालोमेचे पालक आजोबाच होते, कारण पाओलाला कचेरीच्या वेळात सुट्टी मिळत नसे. तेव्हा यानेतनं काकांसमोर एक कार्ड सरकवलं आणि म्हणाली, "काका, एकच हं. कुठली ते आत्ताच ठरवा." काकांनी मोठी केली. यानेतनं ती भिंग लावून तपासली. काकांना तो अपमान पोटात घालावा लागला.

सोमवारी सालोमेनं शाळेत सांगून टाकलं की तिला चिकटं नको. तीन वाजता ती आली. काकांनी टेबल पुसून ठेवलं होतं, सवयीनं, आणि मग ते कशाला पुसलं हे न समजून तिथेच वर्तमानपत्र उघडून बसले होते. एकही ओळ वाचत नव्हते. सालोमेनं गुळाचं पाणी संपवलं, टॅबलेट काढला, आणि त्याबरोबर दप्तरातून चिठ्ठीही काढली.

"यावर सही लागते. दर आठवड्याला लागणार."

काकांनी पेन घेतलं आणि मुकाट्यानं मोठी सही केली. गोल, सात वेटोळी, रेघ, टिंबं. मान वर केली तर सालोमे अगदी जवळ येऊन, नाक कागदाला टेकेल इतकं वाकून बघत होती.

"आजोबा, मला शिकवा ना ही."

"काय?"

"ही सही. म्हणजे तुम्हाला दर आठवड्याला त्रास नको. माझी मीच करत जाईन."

काकांच्या हातून पेन गळालं. "सालोमे! अगं, याला काय म्हणतात माहीत आहे का? परवाच तुझ्यावर याचाच आळ आला होता! चौतीस वर्षं मी असल्या लोकांना... तीन भाऊ... त्या दोन बायका..."

"पण मला तो पहिला गोल आवडतो," सालोमे म्हणाली. "आणि ते गोल गोल गोल. ते कसं काढता? हात कुठे थांबतो?"

"थांबत नाही," काकांच्या तोंडून गेलं. "तीच तर गंमत आहे. पेन उचलायचंच नाही."

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. आत काकू भांडी घासत होत्या. काका उठले, दार हलकेच लोटलं, एक कोरा कागद घेतला आणि आपली खुर्ची तिच्या खुर्चीजवळ ओढली. पहिला गोल जमला. दुसरं वेटोळं जमलं. तिसऱ्याला पेन उचललं गेलं, परत पहिल्यापासून. एका कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या, मग दुसऱ्याच्या. चार वाजले. टॅबलेट दोनदा पिंग पिंग करून गप्प बसला. दार उघडून काकूंनी आत डोकावलं, टेबलावरचे कागद बघितले, नवऱ्याकडे बघितलं आणि दार पुन्हा लावून घेतलं.

"झालं!" साडेचारला सालोमे ओरडली. "बघा, अगदी तुमच्यासारखी!"

काकांनी कपाटातून भिंग काढलं. सही उजेडात धरली. बराच वेळ बघितली.

"चौथं वेटोळं लुळं पडलंय," ते म्हणाले. "एवढ्यावर तर मी तुला लगेच पकडलं असतं. परत काढ."